कागदावरच्या कंपन्या आणि नागपूरची गिरणी

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. प्रेमचंद रायचंद या मोठ्या दलालाने त्यासाठी पैसे दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं, हेही पुष्कळांना माहीत असतं. पण तो पैसा कुठल्या वर्षातला, हे सहसा कुणी विचारत नाही. ते वर्ष होतं १८६४. त्या वर्षी मुंबईत जे काही चाललं होतं ते वाचताना मला वारंवार वाटत राहिलं, की हे आपण नुकतंच कुठेतरी पाहिलंय.

कुठे, ते सांगते. आमच्या नात्यागोत्यातली तरुण मंडळी हल्ली एक तर ‘स्टार्टअप’ काढून बसली आहेत, नाहीतर काढायच्या बेतात आहेत. त्यांच्या आईवडिलांचे फोन मला येतात. “आत्या, मुलगा नोकरी सोडतो म्हणतोय. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे द्यावेत का त्याला?” मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. बाजारातलं मला काय कळणार! पण हा प्रश्न नवा नाही, एवढं मात्र कळतं. खरोखर काही उभं करणारा माणूस आणि नुसतं मनोराज्य रचणारा माणूस सुरुवातीला सारखेच दिसतात. दोघांचे डोळे चमकत असतात, दोघांकडे आकडे असतात. मग ओळखायचं कसं? मुंबईने हा धडा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फार महाग फी भरून घेतला होता.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला. लँकेशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या. त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस बाजारात नेला, अशा हकिकती त्या काळाबद्दल सांगतात. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा जास्तीचे सात-आठ कोटी पौंड पडले, असा अंदाज पुढच्या लेखकांनी दिला आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ हे पुस्तक १८६३ चं, म्हणजे ऐन याच धामधुमीतलं.

आता एवढा पैसा आला, तो ठेवायचा कुठे? लोकांनी कंपन्या काढल्या. १८६४ अखेरचा हिशेब उपलब्ध आहे: ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन म्हणजे पैसे फिरवणाऱ्या पेढ्या, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबायच्या प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या, आणि वर आणखी ६२ निरनिराळ्या. या गावात दहा वर्षांपूर्वी यातलं फारसं काहीच नव्हतं.

सगळ्यात गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. बॅक बे म्हणजे मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला समुद्र. तो बुजवायचा आणि निघालेली जमीन विकायची, अशी योजना. कल्पना वेडगळ मुळीच नव्हती. मुंबई बेटांची बेट झाली ती समुद्र बुजवूनच. पण या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला, तोवर समुद्र होता तिथेच होता.

हे कसं शक्य झालं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. एक म्हणजे वायद्याचे सौदे चालायचे, त्यांना ‘टाइम बार्गेन’ म्हणत. आज भाव ठरवायचा आणि पैसे पुढच्या एका तारखेला चुकते करायचे. त्यामुळे खिशात दमडी नसतानाही सौदा करता यायचा. दुसरं म्हणजे बँका शेअरच्या तारणावर कर्ज द्यायच्या. कर्जातून शेअर घ्यायचे, त्याने भाव चढायचा, चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळायचं. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हिस्सा असलेली, प्रतिष्ठित बँक. तिनेही या काळात हात सैल सोडला आणि प्रेमचंदांच्या शब्दावर तिथली कर्जं मंजूर होऊ लागली.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट कुणालाच करावी लागत नव्हती. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन किती दगड पडले ते मोजणं. आज घेतलेला शेअर परवा दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा असेल, तर दगडांशी तुमचा संबंधच काय?

९ एप्रिल १८६५ ला जनरल लीने शरणागती पत्करली. तेव्हा बातम्या आजच्यासारख्या धावत नव्हत्या, पण बातमी आली आणि कापूस कोसळला. वायद्यांची मोठी तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबईला कळलं, की प्रत्येक जण दुसऱ्याला देणं लागतो आणि कुणाजवळच काही नाही. पेढ्या बुडाल्या, घरं गेली. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली आणि तिच्या चौकशीसाठी १८६८ मध्ये आयोग नेमला गेला. दिनशा वाच्छांनी १९१० मध्ये या प्रकरणावर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते जिज्ञासूंनी जरूर वाचावं.

पंचतंत्रातली सातूच्या पिठाची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकली असेल. खुंटीवर पिठाचं मडकं टांगून ब्राह्मण खाटेवर पडला आहे. पीठ विकून शेळ्या, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, मग घोडे, मग वाडा, बायको, मुलगा... आणि बायकोला मारायला लाथ उगारली ती मडक्याला लागली. मुलं खो खो हसायची. मी वर्गात विचारायची, “अरे, त्याचा हिशेब कुठे चुकला?” मुलं शोधायची, पण चूक सापडायची नाही. कारण हिशेब बरोबरच होता! पीठ विकलं तर शेळी येते, शेळ्या वाढतात, हे सगळं खरंच. चूक एवढीच, की तो खाटेवरून उठला नव्हता. पीठ बाजारात नेऊन दाखवलं असतं तर निदान त्याला किडे लागलेत की काय, हे तरी कळलं असतं.

मनोराज्य म्हणजे खोटा हिशेब नव्हे. ज्या हिशेबाला अजून कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही, असा हिशेब. मुंबईच्या कंपन्यांचं तेच झालं. त्यांना बाजार ‘हो, हो’ म्हणत होता. समुद्राला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

याच शहरात, त्याच समुद्रावर, दुसऱ्या बाजूला एल्फिन्स्टन कंपनी होती. तिने बंदराच्या बाजूला भराव घालायचं काम घेतलं होतं आणि जीआयपी रेल्वेला जागा करून द्यायची हमी दिली होती. म्हणजे जमीन घेणारं गिऱ्हाईक आधी ठरलेलं होतं आणि भरावही प्रत्यक्ष पडत होता. पडझडीचा तडाखा तिलाही बसलाच. शेवटी १८७० मध्ये सरकारने ती विकत घेतली. पण विकत घ्यायला तिथे काहीतरी होतं! १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा बंदराच्या वाढीला ती जमीन कामी आली.

आता या गोष्टीतला मला सर्वात आवडणारा माणूस. जमशेटजी टाटा. जन्म १८३९, नवसारीचा. हे पुण्यवान आणि ते सट्टेबाज अशी वाटणी करायची मात्र सोय नाही. जमशेटजींच्या वडिलांची पेढीही त्याच लाटेवर होती. कोसळलं तेव्हा पंचविशीतले जमशेटजी लंडनमध्ये होते, आणि कापसाच्या ज्या हुंड्या घेऊन ते गेले होते त्यांची रद्दी झाली. त्यांनी काय केलं? सावकारांना आणि बँकांना स्वतः जाऊन भेटले आणि सगळी परिस्थिती उघड मांडली. त्यांचा सरळपणा पाहून देणेकऱ्यांचा हिशेब उलगडायचं काम त्यांच्यावरच सोपवण्यात आलं, महिना वीस पौंड पगारावर. वाईट बातमी स्वतःच्या पायांनी जाऊन सांगणं, ही त्यांच्या उद्योगाची पहिली पायरी होती असं मला वाटतं.

१८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, चालवून दाखवली आणि दोनेक वर्षांत विकली. मुंबईत गिरण्या तेव्हा नव्या नव्हत्या. कावसजी दावरांनी १८५४ मध्येच कंपनी काढली होती आणि १८५६ पासून ताडदेवला त्यांचं सूत निघत होतं. मुंबईतच आणखी एक गिरणी काढणं सोपं होतं. जमशेटजींनी ते केलं नाही. ते आधी लँकेशायरला जाऊन आले, धंदा बघितला. मग ठरवलं की गिरणी तिथे काढायची, जिथे कापूस पिकतो.

जागा शोधताना त्यांच्यापुढे साधे प्रश्न होते. कापूस किती जवळ? रेल्वे आहे का? पाणी आहे का? बॉयलरला कोळसा कुठून येणार? नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे पोचली होती, वऱ्हाडचा कापूस दाराशी होता, वरोऱ्याची कोळशाची खाण दूर नव्हती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली. ती भरून काढावी लागली. गंमत बघा, मुंबईच्या कंपन्या समुद्र बुजवायच्या नुसत्या गोष्टी करत होत्या आणि हा माणूस नागपूरला निमूटपणे चिखल बुजवत होता. एका स्थानिक सावकाराने म्हणे पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत पुरतोय, असं त्याचं मत. पुढे त्यानेच कबूल केलं की मातीतून सोनं काढलं.

१८७४ मध्ये पंधरा लाखांची कंपनी उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग. गिरणीचा कारभार सोपवला बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे, आणि ते होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले! कापडाचा अनुभव शून्य. पण माणसं आणि माल वेळेवर हलवायची शिस्त त्यांना होती. यंत्रांसाठी लँकेशायरचा जाणकार, जेम्स ब्रुक्सबी. म्हणजे जे आपल्याला येत नाही, त्याला माणूस नेमलेला.

इथवर ऐकून वाटेल की मग सगळं सुरळीत झालं असेल. छे! सुरुवातीला घेतलेली यंत्रं स्वस्तातली होती आणि सूत नीट निघेना. शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या खाली गेला. मला वाटतं, खरी परीक्षा हीच. मनोराज्यवाला इथे काय करतो? बाजाराला दोष देतो, लोकांना दूरदृष्टी नाही म्हणतो, नाहीतर नवी मोठी योजना जाहीर करतो. जमशेटजींनी यंत्रं बदलली. महागडं आणि कमीपणाचं काम, पण केलं.

मग दुसरी अडचण. रोज शंभरातले वीसेक कामगार गैरहजर असायचे. शेतीवर जगलेल्या माणसाला भोंग्याची सवय कुठून असणार? कामगारांच्या नावाने बोटं मोडत बसण्यापेक्षा गिरणीने हवा खेळती ठेवायची सोय केली, दमट हवेची यंत्रं बसवली, आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारे बसवले, चांगल्या कामाला बक्षिसं ठेवली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. या सोयींमागे माणुसकी होती यात शंका नाही. पण त्याच वेळी ते हजेरीपटाला दिलेलं उत्तरही होतं.

आणि १८८३ मध्ये रिंग चात्यांची गोष्ट. सूत कातायची ही नवी रीत तेव्हा इंग्लंडच्या गिरणीवाल्यांनाही पटलेली नव्हती. जमशेटजींनी सगळी गिरणी त्यावर ओवाळून टाकली नाही. आधी फक्त दोन साचे आणवले, ब्रुक्सबींनी ते चालवून पाहिले, सूत मोजलं, आणि मग जुने साचे काढायला सुरुवात केली. दोन साचे! लहान, स्वस्त आणि लवकर ‘नाही’ ऐकू येईल अशी परीक्षा.

तुम्ही म्हणाल, टाटांचं यशस्वी झालं म्हणून तू हे सांगतेस. नाही हं. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली, आणि स्वस्तात पडली असं वाटता वाटता ती गळ्यातला धोंडा झाली. यंत्रं कुजकी, शेअर घसरलेला. आपल्या पुंजीतला पैसा ओतून आणि नागपूरची मुरलेली माणसं आणून त्यांनी ती वर्षानुवर्षं खपून सावरली. तीच स्वदेशी मिल. पण १८९३ मध्ये काढलेली जहाज कंपनी, टाटा लाइन, सावरली नाही. बलाढ्य पी अँड ओ कंपनीने भाडी पाडली, आणि जमशेटजींच्या मागे उभे राहू म्हणणारे व्यापारीच स्वस्त भाड्याकडे गेले. त्यांनी हिशेब पाहिला, भाड्याने घेतलेली जहाजं परत पाठवली आणि विषय मिटवला. लाखाच्या वर नुकसान झालं, पण ते स्वतःचं आणि मोजलेलं.

म्हणजे खरं काम करणारा माणूसही बुडतो. फरक यशापयशात नाहीच. फरक एवढाच, की खरं काम करणाऱ्याला आपण बुडतोय हे लवकर कळतं, कारण तो रोज तेच शोधत असतो. आणि बुडताना तो दुसऱ्यांना घेऊन बुडत नाही.

आता आपल्या घरच्या मंडळींकडे येते. फोनवर मी आता ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं सांगत नाही. मुलालाच समोर बसवून चार गोष्टी विचारा म्हणते. पहिली: आत्तापर्यंत तुला ‘नाही’ कोण म्हणालं, आणि त्यानंतर तू काय बदललंस? दुसरी: आमचे पैसे यायच्या आधी तू स्वतःच्या हाताने काय करून पाहिलंस, भले ते दोन साच्यांएवढं का असेना? तिसरी: हे कुठे मोडेल असं तुला वाटतं? चौथी: मोडलं, तर कुणाचं किती जाईल, आणि ते आपल्याला कधी कळेल?

मध्यंतरी दोन मुलं अशीच भेटली. एकाने संगणकावर सुंदर चित्रं दाखवली. पाच वर्षांनी गिऱ्हाइकं किती, दहा वर्षांनी कंपनीची किंमत किती. आज गिऱ्हाईक किती, तर अजून सुरुवात व्हायची होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! दुसरा मुलगा धान्य वाळवायचं लहान यंत्र करतो. त्याने मला एक मळकी वही दाखवली. कुणाचं यंत्र परत आलं, का परत आलं, दुरुस्तीला किती लागले. “आत्या, अकरा परत आली,” म्हणाला आणि थोडा ओशाळला. मला ती वही त्याच्या शाळेतल्या सगळ्या प्रगतिपुस्तकांपेक्षा आवडली. तो यशस्वी होईल का? देव जाणे. पण तो खाटेवरून उठला आहे.

एक शेवटची गोष्ट राहिली, आणि ती सांगितली नाही तर इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. राजाबाई टॉवर आजही उभा आहे. १८६९ ते १८७८ या काळात तो बांधला गेला, प्रेमचंदांच्या देणगीतून. ती देणगी तेजीतल्या पैशाची, पण ती दिली तेव्हा खरी होती आणि मनोराही खरा आहे. उलट एम्प्रेस मिल, जी इतक्या कष्टाने उभी राहिली, ती शंभरावर वर्षं चालून अखेर बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आणि इमारती आहेत. तेव्हा काय टिकलं यावरून माणसाची पारख करू नये. टिकणं न टिकणं पुष्कळदा आपल्या हातात नसतं.

पण त्या शंभरावर वर्षांत गिरणीच्या भोंग्यावर किती घरांच्या चुली पेटल्या! किती मुलं शिकली, किती मुलींची लग्नं झाली. ते सगळं सुताच्या रोजच्या मोजणीतून आलं, शेअरच्या भावातून नव्हे.

तरुण मंडळींनो, मोठी स्वप्नं जरूर बघा. आमच्या पिढीने फार बेताची बघितली. फक्त आमच्याकडे पैसे मागायला याल तेव्हा चित्रांच्या आधी वही दाखवा. आणि वडीलधाऱ्यांनो, मुलाच्या वहीत नापासाचे शेरे दिसले तर घाबरू नका. कोरी वही दिसली तर मात्र पैसे हातात ठेवायच्या आधी थांबा.